दिवाळखोरीनं यातलं किती कर्ज जाईल?

ताई, नमस्कार.

मी सत्तावीस वर्षांची आहे. ओळख पटू नये म्हणून देश, गाव, कंपनी काही लिहीत नाही. आकडेही पगाराच्या पटीत देते. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज अजून माझ्या बारा पगारांइतकं बाकी आहे, बाबा त्याला जामीन आहेत. मध्यंतरी नोकरी गेली, बरेच महिने घरी बसून होते. तेव्हा दोन क्रेडिट कार्डांवर भागवलं. ती फेडायला पर्सनल लोन काढलं, पण कार्डं बंद केली नाहीत आणि ती पुन्हा भरली. आज कार्डांचे चार पगार, पर्सनल लोनचे चार, ॲपवरून घेतलेल्या कर्जांचा मिळून एक. शिवाय एका मैत्रिणीचा एक पगार आहे. तिनं कधी मागितला नाही, तेच जास्त लागतं.

आता नोकरी आहे. पगार आधीपेक्षा कमी, पण वेळेवर होतो. शंभरातले पंचावन्न भाडं, खाणं, प्रवास यांत जातात. सोळा शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यात. उरलेले एकोणतीस मी कार्डांची किमान रक्कम, लोनचा हप्ता आणि ॲपवाले यांच्यात वाटते. वर्ष झालं, बाकी जेमतेम हलली आहे.

आतेभाऊ म्हणतो, दिवाळखोरी जाहीर कर, तरुण आहेस, पाच-सात वर्षांत सगळे विसरतील. एका कंपनीचा फोन आला होता: हप्ते थांबवा, आमची फी भरा, निम्म्यात मिटवून देतो. आईला सगळं ठाऊक आहे, ती म्हणते निवृत्तीची शिल्लक मोडते. बाबांना कार्डांचं काहीच माहीत नाही. एक ॲपवाला रोज धमकावतो, तुझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज टाकतो, तुरुंगात घालतो. रात्री झोप येत नाही. दिवाळखोरी करू का?

— कोंडीत सापडलेली

•

आत्ता करू नका.

चांगल्या घरातली मुलगी असलं काही करत नाही, असल्या भाबड्या कारणासाठी मी हे म्हणत नाहीये. दिवाळखोरी ही कायद्यानं दिलेली सोय आहे, आणि काही माणसांनी ती वापरायला उशीरच केलेला असतो. तुमचा हिशेब मात्र त्या बाजूनं जात नाही. आकडे पगाराच्या पटीत लिहिलेत ते फार बरं केलंत. चलन कुठलं का असेना, हिशेब मांडता येतो.

एकूण बावीस पगारांचं कर्ज. आकडा ऐकूनच माणूस हबकतो, आतेभाऊही हबकला असणार. पण दिवाळखोरी करायची की नाही हे ठरवताना एकूण आकड्याचा फारसा उपयोग नसतो. यातलं कुठलं कर्ज दिवाळखोरीनं खरोखर जातं आणि कुठलं मानेवर तसंच राहतं, हे आधी पाहायचं असतं.

तुमच्या बावीसांपैकी बारा शिक्षणाचे आहेत, आणि नेमकं हेच कर्ज बहुतेक ठिकाणी चिवट असतं. अमेरिकेत ते माफ करून घ्यायला वेगळा दावा लावावा लागतो आणि फेड केली तर अवाजवी हलाखी ओढवेल हे न्यायालयाला पटवावं लागतं. इंग्लंडमध्ये सरकारी विद्यार्थी कर्ज दिवाळखोरीनंतरही उभंच राहतं. कॅनडात शिक्षण संपून सात वर्षं झाली नसतील तर सरकारी शैक्षणिक कर्ज सुटत नाही. भारताच्या २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेतही शैक्षणिक कर्ज वगळलेल्या कर्जांमध्येच घातलेलं आहे.

बरं, समजा तुमचा कायदा उदार निघाला. तरी माफी मिळते ती तुम्हाला, जामीनदाराला नाही. तुमचं नाव त्या कर्जावरून पुसलं गेलं की धनको सरळ बाबांकडे वळणार. त्यासाठीच तर त्यानं जामीनदार घेतलेला असतो. जिथे दिवाळखोरीचा अर्ज केल्याबरोबर वसुली थांबते, तिथेही ती थांबते अर्जदारापुरती. अमेरिकेतल्या चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत हप्त्यांनी फेड करायच्या दिवाळखोरीत, सहकर्जदाराला काही काळ आडोसा मिळतो, पण फेड पूर्ण झाली नाही तर त्याच्यामागचं शुक्लकाष्ठ संपत नाही. तेव्हा बाबांना काही कळू नये म्हणून दिवाळखोरीकडे वळत असाल, तर बाबांना ते बँकेच्या नोटिशीतून कळेल.

राहिले दहा. त्यातला एक मैत्रिणीचा. इथे बहुतेकांच्या मनात एक बेत असतो: बँकांचं बुडेल ते बुडेल, आपल्या माणसाचं आधी गुपचूप देऊन टाकू. तुमच्याही मनात तो येऊन गेला असेल. तसं करू नका. दिवाळखोरीच्या अर्जात सगळी कर्जं लिहावी लागतात, उसनवारीसुद्धा. आणि अर्जाआधी एकाला झुकतं माप देऊन पैसे दिले असतील तर मालमत्ता सांभाळणारा अधिकारी ते परत मागू शकतो. अमेरिकेत साधारण धनकोंसाठी ही मुदत मागच्या ९० दिवसांची आहे, नातेवाइकांसाठी वर्षाची. इंग्लंडमध्ये सहा महिने, आणि जवळच्या नातलगांसाठी दोन वर्षं. म्हणजे ज्या मैत्रिणीनं कधी पैसे मागितले नाहीत, तिच्याच दारात सरकारी पत्र जायचं. दिवाळखोरी संपल्यानंतर तुम्ही तिला आपखुशीनं पैसे दिलेत तर सहसा कोणी अडवत नाही, पण तो पुढचा विषय.

तेव्हा आतेभावाच्या सल्ल्यानं सुटतील ते नऊ पगार. या नवांचंच काय ते बघायचं.

व्याजाचे दर तुम्ही लिहिलेले नाहीत. मी चढेच धरते: कार्डांना वर्षाला ४० टक्के, पर्सनल लोनला १५, ॲपना ६०. तुमचे दर वेगळे असतील तर आकडे बदलून हाच हिशेब पुन्हा करा, अर्ध्या तासाचं काम आहे. पगार शंभर धरला तर कार्डांचे चारशे, लोनचे चारशे, ॲपचे शंभर. महिन्याचं नुसतं व्याज कार्डांवर सव्वातेरा, लोनवर पाच, ॲपवर पाच. झाले सव्वातेवीस. तुम्ही भरता एकोणतीस. म्हणजे वर्षभर पोटाला चिमटा काढून तुम्ही महिन्याला जेमतेम पावणेसहा मुद्दलात घालत होतात. बाकी हलत नाही ती तुम्ही कमी भरता म्हणून नव्हे. फुटक्या माठात पाणी ओतावं तसं चाललं होतं, आणि त्याची सगळ्यांत मोठी भेग कार्डांची आहे.

आता हेच नऊशे एका जागी आणून १५ टक्क्यांनी चार वर्षांच्या हप्त्यांत बांधले, तर महिन्याचा हप्ता पंचवीस बसतो. एकोणतीसातून चार उरतात. ते दर महिन्याला मैत्रिणीला दिलेत तर तिचे शंभर पंचवीस महिन्यांत फिटतात. पगार एका पैशानं न वाढता, कोणापुढे हात न पसरता, तुम्ही एकतिसाव्या वर्षी शिक्षणाचं कर्ज सोडून बाकी सगळ्यातून मोकळ्या होता. मी 'नको' म्हणते ते या हिशेबाच्या जोरावर. तुमचं दुखणं मुद्दलाचं नाही, व्याजदराचं आहे. आणि दिवाळखोरी हे मुद्दल बुडवण्याचं औषध आहे.

चार वर्षं लांब वाटतील. पण हे कायदे तरी माणसाकडून किती वर्षांची अपेक्षा करतात बघा. चॅप्टर १३ मध्ये न्यायालय जी फेडीची योजना मंजूर करतं तिची कमाल मुदत पाच वर्षं. कॅनडात धनकोंपुढे ठेवायचा ग्राहक प्रस्तावही पाच वर्षांच्या आतच संपवावा लागतो. जर्मनीत कर्जमुक्तीला पूर्वी साधारण सहा वर्षं लागायची, १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या अर्जांना तीन लागतात. यातून मी माझ्यापुरता एक ठोकताळा काढला आहे. खर्च काटून आणि व्याज उतरवूनही पाच वर्षांत फिटत नसेल, तर दिवाळखोरीचा गंभीरपणे विचार करावा. कायदासुद्धा ज्याला पाच वर्षांपलीकडे जुंपत नाही, त्यानं स्वतःला पंधरा वर्षं जुंपून घेण्यात कसला मोठेपणा? तुमचं चारांत बसतं.

आता व्याज उतरवायचं कसं. आधी दोन्ही कार्डवाल्यांना फोन करा आणि बाकी हप्तेबंद कर्जात बदलून मागा. ग्राहक सेवेतली पहिली व्यक्ती बहुधा 'अशी सोय नाही' म्हणेल. अडचणीतल्या खातेदारांचा विभाग जोडून द्या म्हणा. कार्डांच्या धंद्यात हा विभाग असतोच. तुमचं खातं अजून थकलेलं नाही, किमान रक्कम का होईना नियमित जाते आहे, नोकरी चालू आहे, ही तुमची सौदा करायची ताकद आहे. खातं थकल्यावर हीच मागणी तुम्ही पडत्या बाजूनं करत असाल. जे ठरेल ते लेखी येईपर्यंत ठरलं असं धरू नका.

दुसरा दरवाजा पर्सनल लोन देणाऱ्या बँकेचा. तुमचे हप्ते वेळेवर गेले असतील तर त्याच कर्जात भर घालून कार्डं फेडायला ती तयार होऊ शकते. नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल तर तीही पाहा, दर बहुधा कमी असतो. कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर काही महिने बिनव्याजी हलवायची जाहिरात दिसेल. चारशेची बाकी आणि हातात एकोणतीस असताना ते काही महिने कधीच संपतील, आणि हलवण्याची फी वर पडेल. तुमच्यासाठी ते नाही.

कुठल्याही मार्गानं गेलात तरी नवं कर्ज हातात पडल्याच्या दिवशी दोन्ही कार्डं बंद करायची. कातरीनं कापून भागत नाही, खातं बंद केल्याचं पत्र घ्यायचं. मागच्या खेपेला पर्सनल लोन काढूनही तुम्ही होता तिथेच आलात ते या एका कारणानं. तेव्हा नोकरी नव्हती, समजू शकते. पण अशी एकत्रीकरणाची कर्जं सगळ्यांत जास्त बुडतात ती इथेच: जुनी बाकी नव्या कर्जात जाते आणि रिकामं झालेलं कार्ड खुणावत राहतं. आणखी एक गोष्ट, घर किंवा जमीन तारण ठेवा, दर आणखी उतरवतो, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आज नऊ पगारांचं हे कर्ज बिनतारणी आहे. वाईटात वाईट काय होईल, तर धनको कोर्टात जाईल. तारण दिलंत की डोक्यावरचं छप्पर पणाला लागतं.

आईची निवृत्तीची शिल्लक मोडू नका. तिला प्रेमानं नाही म्हणा, पण नाहीच म्हणा. कित्येक देशांत हा पैसा धनकोंच्या हाताबाहेर ठेवलेला असतो: भारतात भविष्य निर्वाह निधीवर जप्ती येत नाही, इंग्लंडमध्ये मान्यताप्राप्त पेन्शन निधी दिवाळखोराच्या मालमत्तेत धरला जात नाही, अमेरिकेतही नोकरीतल्या बहुतेक निवृत्ती खात्यांना असं संरक्षण आहे. कायद्यानं ज्याच्याभोवती एवढं कुंपण घातलं तो पैसा काढून ४० टक्क्यांच्या कार्डात ओतायचा? शिवाय तुम्हाला कमवायला अजून तीस वर्षं आहेत, तिला किती आहेत?

ॲपवाल्याकडे येते. त्याचं कर्ज सगळ्यांत लहान आहे आणि सगळ्यांत महाग. कोणी सांगतं लहान कर्ज आधी फेडा म्हणजे हुरूप येतो, कोणी सांगतं महाग आधी फेडा म्हणजे व्याज वाचतं. तुमच्याकडे दोन्ही मतांचं उत्तर एकच निघतं, तेव्हा तो वाद इतरांना घालू द्या. एकत्रीकरणाचं जमो न जमो, जो जास्तीचा पैसा येईल तो आधी तिथे जाऊ दे. मात्र ॲप परवानाधारक संस्थेचं आहे की नाही ते आधी तपासा. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या डिजिटल कर्जांच्या नियमांनी ॲपना फोनमधले संपर्क, कॉलच्या नोंदी, फोटो यांना हात लावायला मनाई केली आहे. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. अमेरिकेत वसुली एजन्सीसाठी ही वेळ सकाळी ८ ते रात्री ९ आहे, आणि तुमच्या कर्जाची बातमी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायलाही तिला बंदी आहे. सगळ्या नंबरांवर मेसेज टाकतो ही वसुली नव्हे, ती खंडणीची भाषा झाली. स्क्रीनशॉट काढून ठेवा, फोनला उत्तर देऊ नका, लेखी कळवा म्हणा आणि सायबर पोलिसांत तक्रार करा. भारतात त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. हे सगळं करूनही खरं घेतलेलं मुद्दल द्यायचं असतंच, ते विसरू नका.

तुरुंगाचं म्हणाल तर, पैसे नाहीत म्हणून फिटलं नाही एवढ्यावरून तुरुंगात घालणं बहुतेक देशांनी कधीच मागे टाकलं. भारतात सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलं आहे, की प्रामाणिक असमर्थता आणि बदमाशी यांत फरक करावा लागेल. पण एक खाचखळगा आहे. भारतात चेक न वटणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तरी तशीच तरतूद २००७ च्या पेमेंट कायद्यात आहे. दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैदेची सोय आहे. तेव्हा एखादा हप्ता जमणार नसेल तर तो उडू देण्याऐवजी आधी बँकेला लेखी कळवून पुढची तारीख मागावी. आखाती देशांत असाल तर आणखी सावध. तिथे न्यायालय कर्जदाराला देश सोडायला बंदी करू शकतं, म्हणून हप्ता थांबवण्याआधी स्थानिक वकिलाशी बोलायलाच हवं. आणि धनको कोर्टात जाऊन जिंकला तरी सगळा पगार नेत नाही. भारतात पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात, अमेरिकेत साधारण कर्जांसाठी संघीय कायद्याची मर्यादा कापून हाती येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांची आहे. रात्रीच्या झोपेसाठी एवढं तरी माहीत असावं.

ती 'निम्म्यात मिटवतो' म्हणणारी कंपनी. तिचा नंबर ब्लॉक करा. तिचं गणित असं चालतं: तुम्ही हप्ते थांबवायचे, कर्ज थकीत होऊ द्यायचं, मग धनको घाबरून तडजोडीला येईल. कधी येतोही. पण तेवढे महिने व्याज, दंड, वसुलीवाले आणि कदाचित कोर्टाचं समन्स हे सगळं तुमच्या नावावर येतं, आणि कंपनीची फी आधीच वळती झालेली असते. अमेरिकेत याचा इतका सुळसुळाट झाला होता, की २०१० मध्ये फोनवरून गिऱ्हाईक गाठणाऱ्या अशा कंपन्यांना तडजोड होण्याआधी फी घ्यायला बंदी घालावी लागली. आधी फी मागणारा दिसला की बोलणं तिथेच संपवायचं, देश कुठलाही असो.

तडजोड स्वतः करता येते, फुकट. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही, पण पुढे आलीच तर एवढं माहीत असू द्या. निम्म्यात मिटलेलं कर्ज पतनोंदीवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, 'पूर्ण फेडलं' असं दिसत नाही, 'तडजोडीनं मिटवलं' असं दिसतं, आणि पुढचा धनको ते वाचतो. भारतात जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला ती बँक, शेतीकर्ज सोडलं तर, किमान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. अमेरिकेत माफ झालेली रक्कम तुमचं उत्पन्न धरून तिच्यावर कर लागू शकतो. दिवाळखोरीत माफ झालेल्या रकमेवर तो लागत नाही. तडजोड दिवाळखोरीपेक्षा नेहमीच सौम्य असते असं समजू नका.

आता तुमच्या आतेभावाचं 'पाच-सात वर्षांत विसरतील'. इंग्लंडपुरतं ते बरंचसं खरं आहे. तिथे सहसा १२ महिन्यांत मोकळीक मिळते आणि पतनोंदीवर सहा वर्षं खूण राहते. अमेरिकेत चॅप्टर ७, म्हणजे असेल ती मालमत्ता विकून बाकी कर्ज माफ करणारी दिवाळखोरी, काही महिन्यांत आटोपतं, पण खूण दहा वर्षं राहू शकते. ऑस्ट्रेलियात दिवाळखोरी तीन वर्षं एक दिवस चालते आणि सार्वजनिक नोंदवहीत नाव कायमचं राहतं. भारतात असाल तर वेगळीच तऱ्हा. २०१६ च्या संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झाला. तुमच्यासारख्या पगारदारासाठी इंग्रजांच्या जमान्यातले दोन कायदे उरतात: मुंबई, कोलकाता, चेन्नईला १९०९ चा, बाकीकडे १९२० चा. त्या १९२० च्या कायद्यात नादारीचा अर्ज करायला कर्ज पाचशे रुपयांचं तरी असावं अशी अट आहे, यावरून काय ते ओळखा. न्यायालयाच्या खेपा, वेळ आणि वकिलाची फी धरली तर नऊ पगारांच्या कर्जासाठी तो रस्ता मी तरी कोणाला सुचवणार नाही. (आमदारकीचे विचार असतील तर हेही लक्षात घ्या, मोकळीक न मिळालेल्या नादाराला ते पद मिळत नाही.)

तरुण आहेस म्हणून आत्ताच कर, हा त्याचा मुद्दा मला सगळ्यांत कच्चा वाटतो. दिवाळखोरी मनात येईल तेव्हा करता येत नाही. अमेरिकेत चॅप्टर ७ मधून एकदा सुटका घेतली की पुन्हा त्याच वाटेनं जायला आठ वर्षं थांबावं लागतं. तुमची नोकरी नवी आहे. समजा आज नऊ पगारांसाठी हे हत्यार वापरलंत आणि दोन वर्षांनी नोकरी पुन्हा गेली, किंवा मोठं आजारपण आलं, तर हाताशी काय राहील? ज्याचं कर्ज अजून वाढतंच आहे, ज्याचं उत्पन्न स्थिर नाही, त्यानं दिवाळखोरीची घाई करू नये. खड्ड्याचा तळ लागू द्यावा. शिवाय हिशेब, कायदा, बँका, कंपन्यांचं संचालकपद अशा क्षेत्रांत काम असेल किंवा करायचं असेल, तर दिवाळखोरी आड येऊ शकते. तुम्ही काय काम करता ते लिहिलेलं नाही, म्हणून एवढंच.

मग मी दिवाळखोरीला हो कधी म्हणेन? दोन्ही कार्डवाले, लोनची बँक आणि पतसंस्था या सगळ्यांनी व्याज उतरवायला लेखी नकार दिला तर. किंवा नोकरी पुन्हा गेली आणि एकोणतीसाचे दहा झाले तर. तुमच्या देशात असे मधले मार्ग आहेत का तेही पाहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून साठ दिवसांची उसंत मागता येते, तेवढ्यात बहुतेक कर्जांचं व्याज आणि वसुली थांबते. कमी कर्ज आणि नगण्य मालमत्ता असलेल्यांसाठी तिथे वेगळा आदेशही मिळतो, तो दिवाळखोरीपेक्षा सुटसुटीत असतो. कर्जाचा मोफत सल्ला देणाऱ्या संस्था आणि सेवा पुष्कळ देशांत आहेत, ब्रिटनमध्ये स्टेपचेंज, ऑस्ट्रेलियात नॅशनल डेट हेल्पलाइन. अमेरिकेत तर अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त समुपदेशकाकडे जाऊन आल्याशिवाय दिवाळखोरीचा अर्जच घेत नाहीत. तिथे जा, हाच हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. माझ्या उत्तरात तुमच्या देशापुरती काही दुरुस्ती असेल तर ते करतील.

एक काम मात्र आज करा. तुमची पतनोंद मागवून घ्या, बऱ्याच देशांत ती वर्षातून एकदा तरी मोफत मिळते. ॲपवाल्यांनी तुमच्या नावावर न घेतलेली कर्जं चढवली आहेत का, ते त्यातच कळेल. आणि पुढचे तीन महिने कार्डावर एकही नवा खर्च नको. एकत्रीकरणासाठीही नको आणि दिवाळखोरीसाठीही नको, कारण अर्जाच्या तोंडावर कार्डावर केलेली खरेदी फसवणुकीच्या नजरेनं पाहिली जाते आणि ती रक्कम माफीतून वगळली जाऊ शकते.

बाबांना सांगायला हवं, आणि कार्डवाल्यांना फोन करण्याआधी सांगायला हवं. ते जामीन आहेत, त्यांचं नाव कागदावर आहे, त्यांना अंधारात ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. पण रडत-माफी मागत सगळं एका दमात सांगू नका. कागद घेऊन बसा. पहिलं वाक्य हे असू दे, की तुम्ही सही केलेल्या कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं. दुसरं, बाकीचे नऊ पगार कुठून आले आणि चार वर्षांत कसे जाणार आहेत. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पैसे देऊ करतील तर घेऊ नका. त्याऐवजी दर महिन्याला पगाराच्या दिवशी हिशेबाचा कागद त्यांच्यासमोर ठेवीन असं सांगा, आणि ठेवा.